गोंदणावरची सुई

गोंदियाजवळच्या आमच्या मुर्री गावात सुई म्हटली की दोन बाया आठवायच्या. एक उन्हाळ्यात छत्तीसगडाकडून येणारी गोंदणारीण आणि दुसरी आमच्या शेजारची रुख्माबाई. गोंदणारणीची सुई पोरींना आयुष्यात एकदोनदा लागायची, तीही गाणी ऐकत. रुख्माबाईची सुई एकाच पोरीला लागायची, पण रोज. ती पोर म्हणजे तिचीच लेक, प्रेमिला.

मी रामकली, रुख्माबाईची शेजारीण. आमचं घर पवारांचं, त्यांचं कुणब्यांचं. मधे एक कुडाची भिंत, तिलाही एक भगदाड, आणि ती अशी की आमच्याकडे फोडणी पडली की त्यांच्याकडे ठसका लागायचा. माझी सासू मुन्नीबाई गावातल्या प्रत्येकाशी एकदा तरी भांडलेली आहे. फक्त रुख्माबाईशी तिचं भांडण कधी जमलं नाही, कारण रुख्माबाई उलट बोलायचीच नाही. एका हातानं टाळी वाजत नाही, म्हणून सासू तिच्यावर जरा नाराजच असायची.

रुख्माबाई उंच, हाडापेरानं मजबूत आणि बोलण्यात कंजूष. प्रेमिलाच्या आधीची दोन लेकरं तोंड दाखवून गेली होती. ही तिसरी जगली, पाटी घेऊन शाळेत जायला लागली, तेव्हा कुठं रुख्माबाईनं अंगारे-धुपारे थांबवले. नवरा बकाराम. स्वतःच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, दारात बैलजोडी, खाऊनपिऊन सुखी घर. बायकोनं सांगावं आणि बकारामभाऊंनी मान डोलवावी, असा त्यांचा संसार. हा गुण थोडा उसना आणा, असं मी माझ्या नवऱ्याला, लखनलालला, पुष्कळदा सांगितलं. त्याला तो काही आला नाही.

मी लग्न होऊन आले त्याच्या पुढच्या वर्षी, एक्कावन्न साली, प्रेमिला वाळायला लागली. तेव्हा ती दहा वर्षांची असेल. रांजण रिता केला तरी तहान भागेना. अंगणाच्या कोपऱ्यात लघवीला बसली की मागं मुंग्या जमायच्या. सासू म्हणाली हवा लागली, भगत म्हणाला नजर लागली. शेवटी बकारामभाऊंनी गाडी जुंपली आणि पोरीला गोंदियाला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी लघवी निळ्या औषधात उकळून पाहिली, ती विटेच्या रंगाची झाली. साखरेची बिमारी. ही बिमारी राइसमिलच्या शेठांना होते, असं आम्ही ऐकून होतो. धानाच्या बांधीत वाढलेल्या पोरीला ती कुठून सापडली, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की रोज सुई लागेल, जन्मभर लागेल, आणि सुई थांबली तर पोरगी वाचणार नाही.

रुख्माबाई म्हणाली, "मले शिकवा."

तिला शिकवलं छोटेलाल कंपाउंडरनं. माणूस वाईट नव्हता, पण दवाखान्यात ही गर्दी आणि हा एकटा. त्यानं तिच्या हातात आधी एक संत्रं दिलं आणि पाणी भरलेली काचेची पिचकारी दिली. संत्र्यात सुई कशी घालायची, दट्ट्या कसा दाबायचा, हे दाखवलं. मग हिंदीतून भराभर सांगत गेला. पिचकारी रोज उकळायची. सुईला बोट लावायचं नाही. बाटली हलवायची नाही, तळहातांत हळू फिरवायची. कातडी चिमटीत धरायची. बाटली थंड जागी ठेवायची. "शक्कर, गुड़, मीठा, सब इसके लिए जहर समझो, बाई," असं त्यानं बजावून सांगितलं. आणि सामान कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "कभी पसीना छूटे, घबराहट हो, तो थोड़ी शक्कर दे देना."

बकारामभाऊ तिच्या शेजारी उभे होते म्हणून हे मला कळलं, आणि तेही फार उशिरा. रुख्माबाईनं दोन्ही गोष्टी ऐकल्या असणार. पण एकाच तोंडानं जहर म्हटलेली वस्तू तेच तोंड द्यायला सांगत असेल, तर माणूस त्यातलं एकच धरतं. तिनं जहर धरलं. गावात आल्या आल्या तिनं घराघरांत जाऊन सांगितलं की माझ्या पोरीच्या हातावर कोणी गोड ठेवलं तर माझ्याशी गाठ आहे. आयुष्यात ती एवढं बोललेली आम्ही तेव्हाच ऐकली, म्हणून सगळ्यांच्या लक्षात राहिलं. संक्रांतीला, पोळ्याला, लग्नाच्या पंगतीत प्रेमिला दिसली की बाया गोडाची ताटली पदराआड घ्यायच्या.

छोटेलालनं आणखी एक केलं होतं. पहिली सुई कुठं द्यायची हे कळावं म्हणून पोरीच्या उजव्या मांडीवर त्यानं कॉपिंग पेन्सिलीनं एक गोल काढून दिला. "यहाँ देना." दुसऱ्या दिवशी अंघोळीत तो फिका झाला. रुख्माबाईनं त्यावर काजळ लावलं. काजळ घामानं पसरलं. मग तिच्या मनात भीती बसली की गोल रोज थोडा थोडा सरकतोय, एक दिवस सुई भलत्याच ठिकाणी जाईल, शिरेत जाईल, हाडाला लागेल. ती भीती तिनं मला बोलून दाखवली तेव्हा मी हसले होते. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि मला सगळ्याचंच हसू यायचं.

त्या उन्हाळ्यात गोंदणारीण आली आणि आमच्या पारावर बसली. पोरींची रांग लागली. कोणी दंडावर तुळस काढून घेतली, कोणी मनगटावर विंचू. रुख्माबाई प्रेमिलाला घेऊन आली आणि तिनं गोंदणारणीला पारावरून उठवून आपल्या घरात नेलं. गोंदणारणीनं विचारलं, "का गोदंव, बाई? मोर?"

"मोर नाई. एक ठिपका. इथंच," रुख्माबाई म्हणाली, आणि पोरीच्या मांडीवर काजळाच्या गोलाच्या मधोमध बोट ठेवलं.

माझी सासू भिंतीपलीकडून आलीच. "मांडीवर गोंदतेत का कोणी? कोन पाह्यनार हाय तथी?"

"मी पाह्यनार हाव," रुख्माबाई म्हणाली.

गोंदणारणीनं काजळीत सुया बुडवल्या आणि ठिपका टोचला. आपल्या गाण्यातलं ती नेहमी सांगते ते तिनं प्रेमिलालाही सांगितलं की सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं संगं येतं. ठिपका बरा झाला तेव्हा हिरवा दिसायला लागला. मसूर डाळीच्या दाण्याएवढा. त्या दिवसापासून रुख्माबाईची सुई दुसरीकडे कुठं पडली नाही.

तिचं काम पाहावं तर तिचंच पाहावं. सकाळी गोंदियाकडून राइसमिलचा भोंगा ऐकू आला की ती चूल पेटवायची. छोट्या पितळी गंजात पिचकारी आणि सुई उकळत ठेवायची. सुई बोथट झाली की तिला धार लावायची. ती विद्या तिनं न्हाव्याकडून घेतली होती, त्याच्याच दगडाच्या तुकड्यावर. इन्सुलिनची बाटली ओल्या रेतीच्या मडक्यात पुरलेली असायची, मडकं शिंक्यावर, आणि रेती कधी कोरडी पडलेली मी पाहिली नाही. बाटली काढून ती तळहातात फिरवायची, पिचकारी उजेडाकडे धरून बुडबुडा काढायची. मग पोरीला मांडीवर आडवी घेऊन ठिपका चिमटीत धरायची आणि म्हणायची, "झालं वो माय, झालं."

पहिलं वर्ष पोरगी रडली. आम्ही भिंतीपलीकडून ऐकायचो आणि सासू कानावर हात ठेवायची. मग रडणं कमी झालं. मग थांबलंच. प्रेमिला सुई लागताना धडा पाठ करायची, आईशी गप्पा मारायची, एकदा तर पेंगत होती. बाया म्हणायला लागल्या की रुख्माचा हात बसला, तिची सुई लागतच नाही. रुख्माबाईच्या तोंडावर हसू मी पाहिलं असेल तर ते हे ऐकताना. तिला वाटायचं, आपण पोरीचं दुखणं तरी थांबवलं.

सुई लागत नव्हती हे खरं होतं, पण त्याला हात कारण नव्हता. रोज तिथंच टोचून टोचून ठिपक्याखालचं मांस घट्ट झालं होतं. आधी सुपारीएवढं, मग लिंबाएवढं. मेलेल्या जागेला काय दुखणार? उलट मायलेकी दोघींना ती जागा आवडायला लागली. आईला वाटे इथं पोरीला दुखत नाही आणि पोरीला वाटे इथं आईचा जीव कातर होत नाही.

तिकडे दवाखान्यात लघवी विटेच्याच रंगाची निघायची. डॉक्टर मात्रा वाढवायचे. आधी पिचकारीच्या खालच्या रेघांवर भागायचं, पुढं पुढं जवळजवळ भरलेली पिचकारी जायला लागली. तरी पोरगी भरेना. डॉक्टरांनी ती गाठ पाहिली असती तर कदाचित उमगलं असतं. पण पोरगी आता मोठी झाली होती आणि परपुरुषासमोर तिची मांडी उघडी करणं रुख्माबाईला मरणासारखं होतं. सुई नीट देता का, असं डॉक्टर विचारायचे. रोज देते, ती म्हणायची. ती खोटं बोलत नव्हती.

सत्तावन्न साली माझं पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा लखनलालनं गोंदियाहून नर्सबाई आणली. सुलोचनाबाई. गोरीपान, तोंडाळ, कामाची पक्की. माझी सुटका झाल्यावर हात धुता धुता तिला प्रेमिला लंगडताना दिसली. पायाला आदल्या वर्षी भाताची रोवणी करताना झालेली जखम, ती भरतच नव्हती. सुलोचनाबाईनं पोरीला आत बोलावलं, साखरेची बिमारी ऐकून सुईची जागा पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"अहो बाई, या गाठीत औषध द्यायचं म्हणजे दगडात पाणी मुरवायचं. इथंच अडकून राहतंय सगळं. जागा बदला. दुसरी मांडी घ्या, दंड घ्या, पोट घ्या. रोज निराळी."

रुख्माबाईनं ऐकून घेतलं आणि पोरीचं लुगडं खाली केलं. "तिची जागा ठरलेली हाय," ती म्हणाली आणि निघून गेली.

सुलोचनाबाई बोलली त्यात एका शब्दाचीही चूक नव्हती, हे मी आज ठणकावून सांगेन, कारण पुढं गावानं तिला नाही नाही ते बोललं. जागा बदला हे तिनं बरोबर सांगितलं. जागा बदलाल तेव्हा मात्रा कमी करा, हे ती बोलली नाही. त्या काळी ते तिला तरी कोणी सांगितलं होतं की नाही, कोण जाणे.

रुख्माबाईनं तीन आठवडे काही बदललं नाही. पण बोलणं तिच्या मनात गेलं होतं. पायाची जखम काळी पडायला लागली तेव्हा ती एका संध्याकाळी भिंतीशी येऊन उभी राहिली. माझ्या मांडीवर महिन्याचं पोर होतं.

"रामकली, ते नर्सबाई खरी असंन का वो?"

"शिकलेली आहे, काकी. खोटं कशाला सांगेल?"

"दुखंन ना पन तिले. नवीन जागा हाय." एवढंच बोलून ती गेली. तिला काळजी होती ती दुखण्याची.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या रोवणीचा पहिला दिवस होता. सकाळी भोंगा झाला, चूल पेटली, पिचकारी उकळली. पिचकारी नेहमीसारखीच भरली. मग सहा वर्षांत पहिल्यांदा रुख्माबाईनं ठिपका सोडला आणि डाव्या मांडीवर सुई दिली. आणि सहा वर्षांत पहिल्यांदा प्रेमिला "आई गं" म्हणून ओरडली. मला ते इकडे ऐकू आलं. मी बाळाला पाजत होते. पोरगी भात खाऊन सगळ्यांबरोबर बांधीवर गेली.

रोवणीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, नारळ फोडतात आणि रोवणाऱ्या बायांना गूळ-खोबरं वाटतात. मी बाळंतीण म्हणून घरी होते, पण सासू शेजारच्या नात्यानं गेली होती. पुढचं तिनं सांगितलेलं.

प्रेमिला पायामुळं चिखलात उतरली नाही. धुऱ्यावर बसून पऱ्ह्यांच्या, भाताच्या रोपांच्या, जुड्या बायांकडे फेकत होती. दुपार व्हायला आली तशी तिच्या जुड्या भलतीकडेच पडायला लागल्या. बाया हसल्या. मग नारळ फुटला, गूळ-खोबरं निघालं. प्रेमिलाला दरदरून घाम सुटला होता. पाऊस झिमझिमत होता म्हणून कोणाला घाम कळला नाही. तिनं आईपुढं हात पसरला.

"माय, मले गूळ दे वो."

"तुले नाई चालत, माय."

"थोडासाक दे. माझा जीव कसातरी होऊन राह्यला."

"जहर हाय ते तुले. मालूम हाय ना?"

प्रेमिला बाकीच्या बायांकडे वळली. हात तसाच पसरलेला, आणि तो थरथरत होता. सगळ्या बायांनी मुठी पदरात घेतल्या. रुख्माबाईनंच शिकवलं होतं ना त्यांना. माझ्या सासूनंही मूठ लपवली. मग ती शहाणी पोरगी, जी कधी मोठ्यानं बोलली नव्हती, ती आईला शिव्या द्यायला लागली. हसायला लागली. बोलणं बरळल्यासारखं झालं. कोणी म्हणालं अंगात आलं, कोणी म्हणालं बांधीतल्या देवाला काही कमी पडलं. तिला मोहाच्या झाडाखाली निजवली, तर ती डोळे मिटून गप झाली. बाया म्हणाल्या, झोप लागली, आता उतरेल. भगताला बोलावणं गेलं. भगत आला, लिंबू कापलं, उदी लावली. दिवस कलल्यावर पोरीला झटके यायला लागले तेव्हा बकारामभाऊंनी बैल सोडवून गाडीला जुंपले. गोंदियाची वस्ती लागायच्या आतच पोरगी आईच्या मांडीवर गेली. दवाखान्यात नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी गाडी वळवली. त्यामुळं काय झालं होतं, हे सांगणारं कोणी भेटलंच नाही.

तिला अंघोळ घालायला मी बाळाला टाकून गेले. बाळंतिणीनं जाऊ नये म्हणतात, पण मला घरात बसवेना. उजव्या मांडीवर गाठ आणि तिच्यावर तो हिरवा ठिपका. डाव्या मांडीवर मुंगी चावल्यासारखी एक लाल खूण. रुख्माबाई त्या लाल खुणेवर पाणी ओतत राहिली, ओतत राहिली. शेवटी माझ्या सासूनं तिच्या हातातून तांब्या घेतला.

गावानं निकाल दिला की जागा सोडली म्हणून पोरगी गेली. गोंदणाच्या जागेनं सहा वर्षं सांभाळली आणि नव्या जागेनं एका दिवसात खाल्ली. सुलोचनाबाई पुढं एकदा मुर्रीत आली तर बायांनी तिला पारावरूनच परतवून लावलं. मीही तेव्हा हेच मानत होते. दुसरं काही सुचायला अक्कल तर हवी. रुख्माबाई मात्र नर्सबाईला चकार शब्द बोलली नाही. "सुई माह्या हातात होती," एवढंच म्हणायची. पिचकारीचा डबा तिनं आढ्यावर ठेवून दिला. रेतीचं मडकं उन्हात फुटलं. सकाळी भोंगा वाजला की ती उठून दारात येऊन बसायची आणि भोंगा थांबला तरी बसून राहायची. मला तिच्याकडे पाहवायचं नाही. मी भिंतीचं ते भगदाड शेणानं लिंपून टाकलं.

मग काही वर्षांनी माझ्या सासूला साखरेची बिमारी झाली.

हसू नये, पण गावात लोक हसले. मुन्नीबाई आणि गूळ यांचं लग्न लागलेलं आहे, असं सगळे म्हणायचे. भातावर गूळ, चहात गूळ, भांडण जिंकलं की गूळ आणि हरलं की दुप्पट. गेल्या वर्षी तिला चक्कर आली, लखनलालनं गोंदियाला नेलं, आणि रोज सुई निघाली. डॉक्टरांनी तिला काय खायचं नाही याची लांबलचक यादी ऐकवली. त्यातलं सासूनं एक अक्षर ऐकलं नाही, हे मी शपथेवर सांगते. सुई द्यायला लखनलाल बसला तर त्याचा हात लटलटा कापायला लागला. मी पुढं झाले तर सासू म्हणाली, "सुनेच्या हातात सुई देऊ? मी येडी हाव का?"

राहिली रुख्माबाई. मी विचारायला गेले तर तिनं तोंड फिरवलं. "माह्या हातानं एक गेली, रामकली. दुसरीले काऊन बलावतेस?"

मग सासू स्वतः जाऊन तिच्या दारात बसली. "हे पाय रुख्मा, मी काई सोळा वर्साची पोरगी नाई. गेली तं गेली. पन सुनेच्या हातानं जाऊन तिचं नाव नाई करनार. उठ."

दोन दिवस सासू बसून होती. तिसऱ्या दिवशी रुख्माबाईनं आढ्यावरचा डबा काढला.

पुन्हा भोंगा, पुन्हा चूल, पुन्हा तळहातात फिरणारी बाटली, पण आता आमच्या घरात. सासूच्या दंडावर जुनं गोंदण होतं, तुळशीचं. रुख्माबाईनं त्यातलं एक पान धरलं आणि त्याच्या बाहेर सुई जाऊ दिली नाही. डॉक्टर जागा बदला म्हणतात, हे लखनलालनं तिला सांगून पाहिलं. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा बोलला नाही.

आता परवाचं सांगते. सकाळी सुई झाली आणि सासूचं माझ्याशी वाजलं. कारण सांगण्यासारखं नाही, मीठ जास्त झालं होतं. ती ताटावरून उठली आणि रुसून ओसरीत जाऊन पडली. मीही मनावर घेतलं नाही. भूक लागली की येईल, म्हटलं. दुपारी रुख्माबाई आमच्याकडच्या नव्या मडक्यातली रेती भिजवायला आली आणि तिनं ओसरीतूनच मला हाक मारली. मी हातातलं टाकून धावले.

सासूचा पदर घामानं चिंब झाला होता. हात थरथरत होते. मला ती तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं बोलवत होती. रुख्माबाई भिंतीला टेकून उभी होती, चेहरा पार उतरलेला.

"हेच," ती म्हणाली. "असंच झालतं. असंच. गाडी जुंपाले सांग रामकली, धाव!"

मी वळते तर सासू उठली, झोकांड्या खात स्वैपाकघरात गेली आणि तिनं गुळाच्या मडक्यात हात घातला. रुख्माबाईनं झेप घेऊन तिचं मनगट पकडलं. "नोको वो मुन्नीबाई, जहर हाय ते तुमाले!" मीही दुसरा हात ओढला. पण माझी सासू कोणाचं ऐकणारी आहे होय? तिनं रुख्माबाईला कोपरानं ढकललं, मला लाथ मारली आणि गुळाचा भला मोठा खडा तोंडात कोंबला. चुलीपुढं बसून चावायला लागली. रुख्माबाईनं दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले.

मी लखनलालला बोलवून आणलं. त्यानं बैल बाहेर काढले, गाडी ओसरीशी लावली. तोवर आतून आवाज आला, "कोन चाललं गोंदियाले? आनि माह्या ताटात आता तरी मीठ कमी टाक."

सासू भिंतीला टेकून बसली होती. घाम पुसलेला, बोलणं सरळ. आम्ही तिघं तिच्याकडे बघत राहिलो.

"अशा काय पाहून राह्यल्या? डाक्टरनं सांगतलं हाय मले. सुई घेऊन जेवली नाई तं साखर लय खाली उतरते मने. घाम येते, हात कापते, मानूस बरळते. गूळ खाल्ला का झालं. तेवढं एकच कामाचं बोलला तो." मग जरा ओशाळून म्हणाली, "तुमाले नाई सांगतलं. तुमी म्हनाल बुढी गुळासाठी बहाने करते."

लखनलाल हसला. मला हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं ती भरलेली पिचकारी आली. गाठीत मुरून राहायची तेवढी सगळी मात्रा त्या एका सकाळी ताज्या मांसातून सरळ पोरीच्या रक्तात गेली होती. जागेनं काही खाल्लं नव्हतं. गोंदणानं काही सांभाळलं नव्हतं.

रुख्माबाईनं डोळ्यांवरचे हात काढले. खाली बसली आणि सासूच्या गुडघ्याला हात लावून विचारलं, "मुन्नीबाई, जीव गुळावर गेलता का तुमचा?"

"हो वो. दुसरं काई सुचेच नाई."

"मांगनं आपोआप आलं तोंडी?"

आता सासूलाही कळलं. धुऱ्यावर तिनंही मूठ लपवली होती. तिनं गुळानं चिकट झालेली मूठ उघडून पाहिली.

"हात पसरलता तिनं," रुख्माबाई म्हणाली. ती रडली नाही. मला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, पिचकारी धुतली, फडक्यानं पुसली, डब्यात ठेवली आणि घरी गेली. ती आता सुईला हात लावणार नाही, असं मला वाटलं, आणि मी तिला दोष दिला नसता.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि रुख्माबाई आमच्या दारात उभी. तिनं पिचकारी उकळली, बाटली फिरवली. तुळशीच्या पानावर टेकलेलं बोट तिनं उचललं आणि सासूला दुसरा दंड पुढं करायला सांगितलं, जिथं गोंदण नव्हतं तो. मग सुई हातात घेण्याआधी पदराची गाठ सोडली, गुळाचा एक खडा काढला आणि सासूच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटली.

"हे आत्ता कायले वो?" सासू म्हणाली. "आत्ता तं मी बरी हाव."

"राहू द्या हातात," रुख्माबाई म्हणाली. "मांगायची पाळी नाई याले पाह्यजे."